पिक्चर वाईट आहे, जरूर या

"पिक्चर वाईट आहे. आधीच सांगतो, म्हणजे नंतर तक्रार चालणार नाही."

हातात रिमोट धरून भाऊकाका अष्टेकर बेसमेंटच्या मधोमध उभे राहत, जमलेल्या माणसांकडे चष्म्यावरून एकदा बघून घेत आणि एवढं बजावून मगच दिवा मालवत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला थंडी नीट बसली की एखाद्या शनिवारी दुपारी हा कार्यक्रम ठरलेला. आसपासची पाच-सहा मराठी घरं जुन्या सोफ्यावर आणि खाली अंथरलेल्या गाद्यांवर दाटीवाटीनं बसायची, नलिनीकाकूंची साबुदाण्याची खिचडी फिरायची, आणि समोरच्या टीव्हीवर हिप्पी जमान्यातला एक प्रेमपट सुरू व्हायचा. त्याचं नाव सिनेमाच्या जाणकारांनाही आठवणार नाही. भाऊकाका त्याला नुसतं "आपला पिक्चर" म्हणत.

माझी नि त्यांची ओळख झाली ती इंडियन स्टोअरमध्ये, भेंडीच्या खोक्यापाशी. मी आणि अश्विनी नुकतेच पुण्याहून आलो होतो. मी फोनवर आईशी बोलत बोलत पिशवीत भेंड्या टाकत होतो. तेवढ्यात शेजारून एक हात आला, त्यानं माझ्या पिशवीतली एक भेंडी काढली आणि तिचा शेंडा मोडायचा प्रयत्न केला. शेंडा वाकला, मोडला नाही.

"जून आहे. घेऊ नका," त्या हाताचा मालक म्हणाला. "पुण्याचे का?"

"हो."

"असू दे. शनिवारी काय करताय? माझ्याकडे एक पिक्चर आहे. वाईट आहे, जरूर या."

ऐंशीच्या घरातला, उंच, किंचित पोक आलेला, टोपीखालून पांढरे केस बाहेर डोकावणारा हा माणूस नाव सांगायच्या आधी पत्ता सांगून मोकळा झाला. शनिवारी आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो तेव्हा दार उघडून म्हणाले, "घर थंड आहे, जिना अरुंद आहे आणि मी फार बोलतो. आता या आत."

हा त्यांचा स्वभावच होता. कशातलीही खोट आधी सांगायची. आंबा कापताना "आंबट निघणार", गाडीत बसवताना "हिला ब्रेक लागायला वेळ लागतो". एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, खोट आधी सांगितली की समोरचा निवांत होतो. चांगलं काही असेल तर ते त्याचं तो शोधून काढतो. आपण कशाला दाखवायचं?"

पिक्चर खरंच वाईट होता. श्रीमंत घरातून पळालेली एक सोनेरी केसांची मुलगी आणि युद्धावर जायचं नाही म्हणून पळालेला एक मुलगा रंगीबेरंगी व्हॅनमध्ये भेटतात. भेटल्याबरोबर प्रेमात पडतात, कारण दिग्दर्शकाला घाई होती. मग ते नुसते फिरतात. मुलाची दाढी एका दृश्यात गळ्यापर्यंत असते, दुसऱ्यात हनुवटीपर्यंत, तिसऱ्यात पुन्हा गळ्यापर्यंत. रस्त्याच्या एका बाजूला पाऊस पडतो, दुसरी बाजू कोरडी. शेवटी ती एका पेट्रोल पंपावर हातपाय धुवायला जाते आणि परत येते तर व्हॅन गेलेली असते. का गेली, ते कुणी सांगत नाही. "लेखकाला विचारलं होतं मी," भाऊकाका म्हणायचे. "तो म्हणाला, मलाही कळलं नाही."

पण पिक्चरच्या मध्यावर एक टेकडी येते. निलगिरीच्या झाडाखाली एक साधू बसलेला असतो. उघडं अंग, गळ्यात माळा, खांद्यावर शाल, छातीपर्यंत दाढी. ती दोघं त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसतात. साधू डोळे मिटतो, मोठा श्वास घेतो आणि गंभीर आवाजात म्हणतो, "आई, काल परत डाळ करपली."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिचडीचा घास तसाच तोंडात राहिला. खाली इंग्रजी अक्षरं उमटली होती, 'प्रेम ही नदी आहे, तिला काठ नसतो.' साधू पुढे म्हणाला, "जॉन माझाच टॉवेल वापरतो. सांगितलं तरी वापरतो." खाली आलं, 'स्वतःला विसरा, म्हणजे सर्व तुमचेच आहे.' तोवर बेसमेंटमध्ये हशा फुटला होता आणि त्या हशात साधूचं पुढचं बोलणं पार बुडालं. सगळ्यांत मोठ्यानं भाऊकाकाच हसत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ते नाक, त्या भुवया मी आत्ताच जिन्यात पाहिल्यात.

नलिनीकाकू मात्र त्या दृश्याच्या जरा आधी उठून वर गेल्या होत्या. मला वाटलं, आपल्या नवऱ्याचं ते उघडंवाघडं सोंग त्यांना आवडत नसावं.

साधू कसे झालात, असं विचारल्याशिवाय कुणी नवखा त्या घरातून बाहेर पडत नसे, आणि भाऊकाकांनाही ते सांगायला आवडायचं. मिरजेहून ते शिकायला आले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ, इंजिनिअरिंगला. स्वयंपाक येत नव्हता, मांस खायचं नाही असं आईला वचन दिलेलं. त्यामुळे वाळून काडी झालेले. दाढी करायचा कंटाळा. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ते एकटेच पाव खात बसले होते, तिथे लांब केसांचा एक माणूस, म्हणजे या पिक्चरचा दिग्दर्शक, येऊन समोर बसला आणि टक लावून बघत म्हणाला, तुमच्या चेहऱ्यावर फार शांती आहे.

"शांती कसली, भूक होती ती," भाऊकाका सांगायचे. "उपाशी माणूस लांबून साधूच दिसतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी पाण्याच्या टाक्या बांधायला शिकतोय. तो म्हणाला, वा, उत्तम!"

शाल म्हणजे कुणाच्या तरी खिडकीचा पडदा होता. साधूनं काय बोलायचं ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. तुमच्या भाषेत काहीही बोला, दिग्दर्शक म्हणाला, आम्ही खाली अर्थ लिहू. "आणि मी तोंड उघडलं तर आईच आली," असं म्हणून भाऊकाका हसायचे. गोष्ट इथं संपायची.

पुढे शिकून ते इलिनॉयला आले आणि आयुष्यभर गावोगावच्या पाण्याच्या टाक्या आणि नळ यांच्या कामात राहिले. निवृत्त झाल्यावर नव्यानं आलेल्या मराठी माणसांना मार्गी लावणं हाच त्यांचा उद्योग. मला ड्रायव्हिंग टेस्टसाठी त्यांनीच तयार केलं. "स्टॉपच्या पाटीला गाडी थांबली पाहिजे. नुसती लाजून पुढे गेली, हे चालणार नाही." पहिल्या हिमवादळानंतर सकाळी फावडं घेऊन दारात हजर. "बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा. पाठ शाबूत राहते. बायकोचा रागही असाच ढकलत न्यायचा, उचलायला गेलास की मोडलास." अश्विनी खिडकीतून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, आणि नवऱ्याचा राग?" ते म्हणाले, "तो वितळतो गं. त्याला ऊनही लागत नाही, नुसती भजी लागतात."

काकू तशा कमी बोलायच्या. मूळच्या अमरावतीच्या. भाऊकाका एखादी गोष्ट रंगवून सांगत असले की त्या पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "जरा कमी करा." भाऊकाका लगेच कमी करत. त्यांचा एकुलता मुलगा सुनील टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतो. त्याची मुलगी मीरा शिकागोत कॉलेजला होती आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे यायची. मोकळी, हुशार, आजोबांची लाडकी. तिचं मराठी मात्र 'जेवलीस का' आणि 'किती बारीक झालीस' याच्या थोडं पुढे जाऊन अडायचं, मग इंग्रजी.

दोन वर्षांपूर्वी ती अशीच आली तेव्हा मी आणि अश्विनीही तिथे जेवायला होतो. जेवणं होत आली तेव्हा भाऊकाका म्हणाले, "या शनिवारी आपला पिक्चर. मीरा, तू थांबशील ना?"

मीरानं काटा खाली ठेवला. "आजोबा, कॅन वी नॉट?"

मग तिनं फोन काढून आम्हाला दाखवला. कुणीतरी त्या पिक्चरमधला साधूचा तुकडा कापून इंटरनेटवर टाकला होता. मूळ आवाज काढून त्यावर भलतंच संगीत लावलेलं. साधू डोळे मिटतो, मान डोलावतो, खाली ती नदीची वाक्यं. पोरं आपल्या आळशी मित्रांना, झोपाळू प्रोफेसरांना तो तुकडा पाठवत होती. तिच्या कॉलेजच्या फिल्म क्लबनं तर 'सर्वांत वाईट प्रेमपट' म्हणून तो अख्खा पिक्चर लावायचं ठरवलं होतं.

"तुझ्या मित्रांना माहितीये, हा मी आहे?" भाऊकाकांनी विचारलं.

"नो." ती खाली बघत होती. "आजोबा, इट्स नॉट फनी. त्यांनी तुम्हाला पडदा गुंडाळला आणि होली मॅन म्हणून बसवलं. तुम्ही काय म्हणता, कुणी विचारलं पण नाही. ते तुमच्यावर हसत होते. दे आर स्टिल लाफिंग. अँड यू लाफ विथ देम!"

मला वाटलं, भाऊकाका आता काहीतरी मजेशीर बोलतील. ते बोलले नाहीत. "खरं आहे," एवढंच म्हणाले. "पडदाच होता. हिरव्या फुलांचा." आणि उठून, कठड्याला धरून, सावकाश बेसमेंटमध्ये उतरून गेले. जाताना मला म्हणाले, "शनिवारचं कॅन्सल म्हणून सगळ्यांना कळवून टाक रे."

मीराच्या डोळ्यांत पाणी आलं. अश्विनी भांडी उचलायला लागली. काकूंनी तिला हातानंच थांबवलं आणि मीराला म्हणाल्या, "इकडे ये. बस माझ्यापाशी. तुझे आजोबा त्या पिक्चरात काय बोलतात, तुला माहीत आहे?"

"समथिंग अबाउट दाल?"

"ते पहिलं. त्याच्या पुढचं?"

मीरानं मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. इतक्या वेळा तो पिक्चर पाहून मीही त्या डाळीपाशीच हसत राहिलो होतो.

काकू मीरासाठी सोप्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजीत सांगू लागल्या. "माझं लग्न झालं तेव्हा मी यांना जेमतेम अर्धा तास पाहिलेलं. पाहायला आले तेव्हा स्वतःचे सगळे दोष सांगितले. मी घोरतो, मला राग पटकन येतो, मला डावा कान कमी ऐकू येतो. पिक्चरचं तेवढं लपवलं. मग मी इकडे आले. लहानसं गाव, बर्फच बर्फ. हे सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. बोलायचे काय, तर गॅस असा बंद कर, हीटर तसा लाव. माणूस वाईट नव्हता, पण शिक्षकासारखा वागायचा. मी दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. नळ कशाला सोडायची, कोणास ठाऊक. ऐकायला होतं कोण!

"एक दिवस म्हणाले, चल, पिक्चर पाहू. मला वाटलं, आपला हिंदी असेल. पाहते तर गोरे लोक नुसते एकमेकांचे मुके घेऊन राहिले. मी लाजेनं मान खाली घालून बसले. इंग्रजी काही समजे ना. आणि एकदम कानावर आलं, 'आई.' मराठी! त्या थिएटरात! मी वर पाहिलं, तर आपले हे. उघडेबंब. गळ्यात माळा."

अश्विनीला हसू आवरलं नाही. काकूही हसल्या, पण थांबल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि भाऊकाकांचं बोलणं जसंच्या तसं म्हणायला सुरुवात केली. एखादी जुनी आरती म्हणावी तसं, न अडखळता.

"आई, काल परत डाळ करपली. जॉन माझाच टॉवेल वापरतो. सांगितलं तरी वापरतो. इथं माझं नाव कुणाला घेता येत नाही. मी पण आता सांगत नाही. किती महिने झाले, मराठीत बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलतोय, तेही तुझ्याशी नाही, एका यंत्रासमोर. मी पत्रात लिहितो ना, सगळं छान आहे, ते खरं नाही. मला इथं करमत नाही. खोलीवर गेलो की मी भिंतीशी बोलतो. पण तू काळजी करू नकोस. तुला कुणी विचारलं तर सांग, बाळ मजेत आहे."

काकूंनी डोळे उघडले.

"आजूबाजूचे लोक हसत होते," काकू म्हणाल्या. "मी रडून राहिले. यांना वाटलं, बायकोला लाज वाटली. सॉरी, सॉरी म्हणायला लागले. मला सांगताच येईना. मला एवढंच वाटत होतं, अगं, हा माणूसही नळ सोडून रडणाऱ्यांतलाच आहे! बाहेर गाडीत बसलो. मी म्हटलं, डाळीत पाणी कमी घालत असाल. तर हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग बोललो. काचा धुरकट होईस्तोवर बोललो. मीरा, लोक आमच्या लग्नाचे वाढदिवस धरतात ना, ते चुकीचं धरतात. अमरावतीला नुसते विधी झाले होते. लग्न त्या गाडीत लागलं."

"मग तुम्ही दर वेळी उठून वर का जाता, काकू?" मी विचारलं.

"तिथं लोक हसतात रे. मला नाही हसता येत."

मीरा उठली आणि बेसमेंटचा जिना उतरली. थोड्या वेळानं मी चहा घेऊन खाली गेलो तर दोघं सोफ्यावर शेजारी बसली होती, आणि टीव्हीवर साधू डोळे मिटून थांबलेला होता. मीरा म्हणत होती, "आजोबा, परत सांगा ना. हळू. मी लिहिते."

तो वीकेंड त्या दोघांनी वाक्याला वाक्य लावण्यात घालवला. मीराला साधूच्या त्या चार मिनिटांखालची नदीबिदी पुसून खरे शब्द घालायचे होते. बाकी सगळं जमलं. 'करमत नाही' पाशी गाडी अडली.

"बोअर झालं?" मीरा विचारी.

"छे! बोअर पिक्चरमध्ये होतं."

"होमसिक?"

"तेही नाही. ते घरच्या आठवणीनं होतं. करमत नाही म्हणजे... जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत, पण जीव बूड टेकायला तयार नाही." एवढं सगळं पडद्यावर मावेना. शेवटी काकूंनी निकाल दिला. "तसंच ठेव. ज्याला कळायचं त्याला कळेल." मीरानं ते इंग्रजी अक्षरांत पण मराठीच ठेवलं.

फिल्म क्लबच्या मुलांना तिनं सांगून टाकलं की साधू माझे आजोबा आहेत, ते येणार आहेत, आणि त्यांची चार मिनिटं माझ्या शब्दांनिशी दाखवायची. आम्ही दुपारच्या ट्रेननं शिकागोला गेलो. भाऊकाका, काकू, अश्विनी आणि मी. भाऊकाकांनी कोट घातला होता. काकूंनी निळी पैठणी नेसून त्यावर जाडजूड जॅकेट चढवलं होतं. कॉलेजचा छोटा हॉल गच्च भरलेला. मुलं पॉपकॉर्न घेऊन हसायच्या तयारीनंच आली होती.

मीरानं ओळख करून दिली. भाऊकाका माईकपाशी गेले आणि आयुष्यभर मराठीत म्हणत आले तेच इंग्रजीत म्हणाले. "पिक्चर वाईट आहे. आधीच सांगतो." टाळ्या आणि शिट्ट्या. दाढीला मुलं हसली, अर्ध्या रस्त्यावरच्या पावसाला हसली. टेकडी आली तेव्हा मागच्या रांगेतून एक आरोळीही उठली. मी काकूंकडे बघितलं. त्या उठल्या नाहीत. भाऊकाकांनी त्यांचा हात हातात घेतला होता. चारचौघांत असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डाळीला हशा झाला. टॉवेलला त्याहून मोठा. 'माझं नाव कुणाला घेता येत नाही' इथे तो एकदम विरला. पुढचं सगळं त्या हॉलनं गप्प बसून ऐकलं. साधूचा आवाज किती कोवळा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता तो. समोर बसलेल्या मुलांच्याच वयाचा.

नंतर कुणीतरी विचारलं की एवढा वाईट पिक्चर तुम्ही दर वर्षी का दाखवता? भाऊकाका म्हणाले, "चांगल्या पिक्चरला प्रेक्षक मिळतात. वाईट पिक्चरला सोबत लागते." निघताना लांब वेण्या घातलेली एक मुलगी त्यांच्यापाशी आली. नायजेरियातून शिकायला आलेली. "तो शब्द पुन्हा म्हणाल?" तिनं विचारलं. "करमत नाही," भाऊकाका म्हणाले. तिनं दोनदा घोकला. 'त' त्यांनी नीट करून घेतला, अगदी स्टॉपच्या पाटीसारखा. ती म्हणाली, माझ्या भाषेतही असा एक आहे, आणि तो त्यांना सांगितला. भाऊकाकांनीही तो दोनदा घोकला.

परतीच्या ट्रेनमध्ये काकू खिडकीला डोकं टेकून झोपल्या. भाऊकाका माझ्या शेजारी होते. "हसली नाहीत रे तिथं पोरं," ते म्हणाले.

"बरं वाटलं का?"

"बरं म्हणजे... इतकी वर्षं मीच आधी हसायचो. मोठ्यानं. म्हणजे दुसऱ्याचं हसू लागत नाही. त्यापायी हिला मात्र वर जाऊन बसावं लागायचं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही." मग बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "टाकी गळते कुठून, ते बाहेरून दिसत नाही. आत उतरावं लागतं. पोरगी उतरली."

गेल्या पानगळीत त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा नर्स त्यांची उशी नीट करता करता गप्पा मारत होती. तिनं विचारलं, पूर्वी काय करत होता तुम्ही? चाळीस वर्षं पाण्याच्या टाक्या बांधलेला तो माणूस ऑक्सिजनच्या नळीतून म्हणाला, "आय वॉज इन पिक्चर्स." काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "जरा कमी करा." भाऊकाका हसले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, सकाळी, मीरा जवळ बसलेली असताना ते गेले.

घरी माणसांची रीघ लागली. आम्हा सगळ्यांना त्यांनी गाडी शिकवली होती, बर्फ ढकलायला शिकवलं होतं, थंड घरात बसवून गरम खिचडी घातली होती. जो तो येऊन तेच म्हणायचा, काका देवमाणूस होते, संत होते. काकू हात जोडून ऐकून घ्यायच्या. शेवटी एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. "संत नव्हते हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "संत चार मिनिटांपुरते झाले होते, तेही पडदा गुंडाळून. बाकी सगळा जन्म संसार केला त्यांनी माझ्याबरोबर. घोरायचे. पटकन चिडायचे. डाळ शेवटपर्यंत करपवायचे. मला तो माणूस पाहिजे आहे. संताचं काय करू मी?"

त्यानंतर कुणी संत म्हणालं नाही.

मार्चमध्ये घर विकलं आणि सुनीलनं आईला फ्रिस्कोला न्यायचं ठरवलं. विमानतळावर काकूंना सोडायला मी गेलो होतो. सुनील काउंटरवर बॅगा देत होता. काकू बाकावर बसल्या, मला शेजारी बसवलं आणि एकदम म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं राहणार, की परत जाणार?"

"ठरलं नाही, काकू."

"ठरलं नाही, की बोललाच नाहीत?"

खरं म्हणजे तो विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल, भाड्याबद्दल, भाजीबद्दल आम्ही रोज बोलायचो. मी धरून चाललो होतो की अश्विनीला इथंच राहायचं आहे, तिची नोकरी छान चालली आहे. तिनं माझ्याबद्दल काय धरून चाललंय, हे मी विचारलं नव्हतं.

"बोल तिच्याशी," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनाच काही पिक्चर मिळत नाही." मग माझ्या गालावरून हात फिरवून त्या सुनीलच्या मागे निघून गेल्या. वळून बघितलं नाही.

घरी आलो तेव्हा अश्विनी हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. मी समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. मीटिंग संपली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं? काकू नीट गेल्या ना?"

"गेल्या," मी म्हणालो. "अश्विनी, तुला इथं राहायचंय का? अगदी खरं सांग."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. लॅपटॉप मिटला.

"कधीपासून वाट बघतेय," ती म्हणाली, "तू हे विचारशील म्हणून."